बर्फावरील वळणे : स्त्रियांच्या स्लॅलम शर्यतीचा हंगाम

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. पुढे या कारखान्यात घडलेले रूळ देशभरच्या लोहमार्गांवर पसरले. रुळाचे कार्य सर्वांच्या परिचयाचे आहे. वेगात असलेल्या गाडीचा स्वभाव सरळ रेषेत जाण्याचा असतो. वळणावर तिला आत खेचून धरणारे बल रूळ पुरवितो. वळणावरील बाहेरचा रूळ किंचित उंच बसवून गाडीला आतल्या बाजूस थोडा कलही दिलेला असतो.

आता अशी कल्पना करावी की, गाडीसाठी रूळ घातलेलाच नाही. गाडीनेच धावता धावता स्वतःचा मार्ग कोरावयाचा आहे, आणि दर सेकंदाला एकदा डावीकडून उजवीकडे व उजवीकडून डावीकडे वळावयाचे आहे. स्लॅलम या शर्यतीत उतरणारी खेळाडू नेमके हेच करते. तिच्या पायांखालील लांब पट्ट्यांना, म्हणजे स्कींना, दोन्ही कडांनी पोलादाची अतिशय अरुंद पट्टी बसविलेली असते. तीच तिचा रूळ. भिलाईत किंवा महाराष्ट्रात बर्फ पडत नाही, म्हणून हा खेळ आपल्या नित्य पाहण्यातला नाही. तथापि त्यामागील नियम येथील शाळेच्या पुस्तकात शिकविले जातात तेच आहेत.

शर्यतीचे स्वरूप

‘स्लॅलम’ हा शब्द नॉर्वेच्या भाषेतून आला. उतारावरील वाट असा त्याचा मूळ अर्थ आहे. इंग्रज क्रीडासंघटक अर्नोल्ड लन यांनी १९२२ साली स्वित्झर्लंडमधील म्यूरेन येथे आधुनिक पद्धतीची स्लॅलम शर्यत भरविली. त्याच गावी १९३१ साली झालेल्या पहिल्या जागतिक स्पर्धेत स्त्रियांनाही स्थान होते, आणि स्त्रियांची स्लॅलम ब्रिटनच्या एस्मे मॅकिनन यांनी जिंकली. ऑलिंपिक क्रीडांत ही शर्यत स्वतंत्रपणे प्रथम १९४८ साली झाली. स्त्रियांचे सुवर्णपदक अमेरिकेच्या ग्रेचेन फ्रेझर यांना मिळाले.

शर्यतीचा मार्ग डोंगराच्या उतारावर आखतात. स्त्रियांच्या शर्यतीत प्रारंभ आणि शेवट यांच्या उंचीत सुमारे दीडशे ते दोनशे मीटरचे अंतर असते. मार्गावर आळीपाळीने तांबड्या व निळ्या खांबांनी दाखविलेली ‘दारे’ असतात. त्यांची संख्या पन्नास-साठपर्यंत जाते. दोन्ही पाय आणि दोन्ही स्कींची टोके प्रत्येक दारातून गेलीच पाहिजेत. एक पाय जरी खांबाच्या चुकीच्या बाजूने गेला, तरी खेळाडू बाद ठरते.

पूर्वी खांब बांबूचे असत आणि त्यांना वळसा घालून जावे लागे. आजचे खांब बुडाशी बिजागरी असलेले, आडवे होऊन पुन्हा उभे राहणारे असतात. त्यामुळे खेळाडू हाताने व नडगीवरील कवचाने खांब बाजूस सारते आणि शरीर खांबाच्या आतल्या बाजूने नेते. पाय मात्र बाहेरून जातात. टप्-टप् असा जो आवाज शर्यतीत सतत ऐकू येतो, तो या खांबांचा होय.

शर्यतीच्या दोन फेऱ्या होतात. प्रत्येक फेरी साधारण एका मिनिटाच्या आत आटोपते आणि दोन्ही वेळांची बेरीज करून क्रम ठरतो. दुसऱ्या फेरीसाठी दारे नव्याने मांडतात. खेळाडूंना मार्गाची पाहणी करू देतात, परंतु त्यावरून वेगाने उतरण्याचा सराव करू देत नाहीत. दारांचा क्रम डोळ्यांनी टिपून मनात साठवावा लागतो. अंगाच्या कसरतीइतकीच ही स्मरणाचीही परीक्षा आहे.

वळणाचे गणित

खेळाडूचा वेग ताशी ४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर, आहे असे धरू. ती ८ मीटर त्रिज्येच्या वक्रावर वळत आहे. वेगाच्या वर्गास त्रिज्येने भागले असता केंद्राच्या दिशेने लागणारे त्वरण मिळते : १२१ भागिले ८, म्हणजे जवळजवळ १५. पृथ्वीचे गुरुत्वीय त्वरण सुमारे १० आहे. अर्थात वळताना खेळाडूला आपल्या वजनाच्या दीडपट बल बाजूने सोसावे लागते. हे बल आणि स्वतःचे वजन एकत्र घेतल्यास पायांवरील भार वजनाच्या सुमारे १.८ पट होतो. साठ किलो वजनाच्या स्त्रीला क्षणभर आपण १०८ किलोंच्या आहोत असे वाटते. आणि तो भार बहुतांशी वळणाच्या बाहेरील एका पायावर येतो. असे साठ वेळा, एका मिनिटाच्या आत.

या बलाला तोंड देण्यासाठी तिला आतल्या बाजूस कलावे लागते. गाडीला काही थोडे अंशच कल पुरतो; वरील उदाहरणातील खेळाडूला उभ्या रेषेपासून पन्नास अंशांहून अधिक कलावे लागेल. कलती झाल्यावर पोलादी कडा बर्फात रुतते आणि घसरण थांबते.

येथे स्कीचा आकार उपयोगी पडतो. स्की टोकांना रुंद व मध्यभागी अरुंद असते. तिची कड सरळ नसून एका मोठ्या वर्तुळाचा भाग असते. स्की कलती करून तिच्यावर भार दिला की ती धनुष्यासारखी वाकते आणि कडेचा संपूर्ण वक्र बर्फाला टेकतो. कडेच्या वक्राची त्रिज्या १२ मीटर असेल, तर ६० अंश कललेली स्की त्याच्या निम्म्या, म्हणजे ६ मीटर त्रिज्येचे वळण कोरू शकते. जितका कल अधिक, तितके वळण आखूड. उच्च श्रेणीच्या शर्यतींत स्त्रियांची स्लॅलम स्की किमान १५५ सेंटिमीटर लांब असावी असा नियम आहे. आखूड पट्टी लवकर वळते, परंतु वेगात तितकीच लवकर अस्थिरही होते.

कड कोरत गेली तर वेग फारसा घटत नाही. ती आडवी घसरली, तर बर्फाचा धुरळा उडतो आणि वेग त्या धुरळ्यात खर्ची पडतो. म्हणून जाणता प्रेक्षक खेळाडूकडे पाहण्याऐवजी तिच्या मागे उमटलेल्या रेघेकडे पाहतो. रेघ बारीक आणि स्वच्छ असेल, तर वेळ चांगली येणार.

बर्फ आणि त्याचा निसरडेपणा

स्की बर्फावरून इतक्या सहज का घसरते, या प्रश्नावर केंब्रिजचे बाउडन आणि ह्यूज या दोन शास्त्रज्ञांनी १९३९ साली महत्त्वाचे प्रयोग प्रसिद्ध केले. घर्षणाने उत्पन्न होणाऱ्या उष्णतेमुळे पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ थर तयार होतो व तो वंगणाचे काम करतो, असे त्यांनी दाखविले. बर्फाच्या पृष्ठभागाविषयी संशोधन त्यानंतरही चालूच आहे. परंतु शर्यतीच्या दिवशीचे तापमान पाहून स्कीच्या तळाला निरनिराळ्या प्रकारचे मेण लावण्याची पद्धत आजही याच अनुभवावर उभी आहे.

भुसभुशीत बर्फ शर्यतीला चालत नाही. पहिल्या काही खेळाडू उतरताच त्यात चर पडतात आणि मागाहून येणारींना अन्याय होतो. म्हणून मार्गावर पाणी मुरवून तो गोठवितात. मग तो काचेसारखा कठीण होतो आणि त्यात रुतण्यासाठी कडा कानशीने घासून धारदार ठेवाव्या लागतात. तरीही चर पडतातच. यामुळे प्रारंभाचा क्रम महत्त्वाचा ठरतो, आणि हंगामाच्या नियमांत त्याचा विचार केलेला आढळतो.

हंगामाची रचना

विश्वचषकाची पद्धत १९६७ साली सुरू झाली. एका दिवसाच्या नशिबावर विसंबण्याऐवजी संपूर्ण हिवाळ्यातील कामगिरी मोजावी, हा तिचा हेतू. साधारणतः नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत निरनिराळ्या देशांत शर्यती होतात. प्रत्येक शर्यतीत पहिलीला १००, दुसरीला ८०, तिसरीला ६० याप्रमाणे उतरत्या क्रमाने तिसावीला १ गुण मिळतो. हंगामाच्या शेवटी स्लॅलममध्ये सर्वाधिक गुण मिळविणारीस काचेचा लहान गोल देतात. सर्व प्रकारच्या शर्यतींची बेरीज सर्वाधिक असणारीस मोठा गोल मिळतो.

पहिल्या फेरीतील केवळ तीस खेळाडू दुसऱ्या फेरीस पात्र ठरतात, आणि दुसऱ्या फेरीत तिसावी प्रथम व पहिली शेवटी उतरते. आघाडीवरील खेळाडूला सर्वांत खराब झालेल्या मार्गावरून यावे लागते, तर मागे पडलेलीस ताज्या बर्फाचा लाभ होतो. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये स्लोव्हाकियाच्या पेत्रा व्ल्होवा पहिल्या फेरीनंतर आठव्या होत्या. दुसऱ्या फेरीअखेर सुवर्णपदक त्यांचेच झाले.

फरक किती सूक्ष्म असतो याची कल्पना २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकवरून येईल. स्वीडनच्या फ्रिडा हान्सडॉटर यांनी स्वित्झर्लंडच्या वेंडी होल्डेनर यांच्यावर ०.०५ सेकंदाने मात केली. सेकंदाला ११ मीटर वेगाने ०.०५ सेकंद म्हणजे सुमारे ५५ सेंटिमीटर. शंभराहून अधिक वळणांच्या शेवटी हातभर अंतर उरले.

दोन विक्रमी हंगाम

स्लॅलममध्ये पडणे किंवा दार चुकणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि तसे घडल्यास त्या दिवसाचे गुण शून्य. म्हणूनच सातत्य ही या खेळातील सर्वांत दुर्मीळ वस्तू मानतात. १९८८-८९ च्या हंगामात स्वित्झर्लंडच्या व्रेनी श्नायडर यांनी विश्वचषकाच्या सातही स्लॅलम शर्यती जिंकल्या आणि इतर प्रकार धरून एका हंगामात १४ विजयांचा विक्रम केला. तो तीस वर्षे अबाधित राहिला.

२०१८-१९ साली अमेरिकेच्या मिकाएला शिफ्रिन यांनी तो मोडला. त्या हिवाळ्यात नेहमीच्या पद्धतीच्या नऊ स्लॅलम शर्यती झाल्या : फिनलंडमधील लेव्ही येथे आरंभ, मग अमेरिका, फ्रान्स, ऑस्ट्रिया, क्रोएशिया, स्लोव्हेनिया, चेक प्रजासत्ताक आणि शेवटी अँडोरा. यांपैकी आठ शिफ्रिन यांनी जिंकल्या. उरलेली एक, ऑस्ट्रियातील फ्लाखाउ येथील, व्ल्होवा यांनी जिंकली व शिफ्रिन दुसऱ्या आल्या. सर्व प्रकार मिळून शिफ्रिन यांचे १७ विजय आणि २२०४ गुण झाले. फेब्रुवारी २०१९ मध्ये स्वीडनमधील ओरे येथे जागतिक अजिंक्यपदाच्या स्लॅलममध्ये त्या आजारी असतानाही उतरल्या, पहिल्या फेरीनंतर तिसऱ्या होत्या, आणि तरी लागोपाठ चौथ्यांदा सुवर्णपदक मिळविले.

तीन वर्षांनी बीजिंग येथे याच खेळाडू स्लॅलमच्या पहिल्या फेरीत अवघ्या काही सेकंदांत मार्गाबाहेर गेल्या. कौशल्य तेच होते. कड क्षणभर सुटली. पुढे २३ फेब्रुवारी २०२५ रोजी इटलीतील सेस्त्रिएरे येथे स्लॅलममध्येच त्यांनी विश्वचषकातील शंभरावा विजय मिळविला. दोन्ही दिवस एकाच खेळाडूचे आहेत, हे ध्यानात घेतल्यावाचून या शर्यतीची कठोरता कळत नाही.

भारतीय स्त्रिया

१९८८ च्या कॅलगरी ऑलिंपिकमध्ये स्लॅलमचे सुवर्णपदक व्रेनी श्नायडर यांना मिळाले. त्याच शर्यतीत शैलजा कुमार या भारताच्या प्रतिनिधी होत्या. हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्यांचा क्रमांक २८ वा, शर्यत पूर्ण करणाऱ्यांत शेवटचा, लागला. ही संख्या वाचून कोणी हसेल, तर त्याने हेही पाहावे की, त्यांच्याहून अधिक तयारीच्या अनेक खेळाडूंना त्या दिवशी दोन्ही फेऱ्या पूर्ण करता आल्या नव्हत्या. स्लॅलममध्ये तळाशी पोचणे हीच पहिली कसोटी असते.

२००६ साली ट्युरिन ऑलिंपिकमध्ये नेहा आहुजा यांनी भारतातर्फे भाग घेतला. जानेवारी २०१८ मध्ये मनालीजवळच्या आंचल ठाकूर यांनी तुर्कस्तानातील एर्झुरूम येथे स्लॅलममध्ये कांस्यपदक मिळविले; आंतरराष्ट्रीय स्कीइंगमधील भारताचे ते पहिले पदक. ती स्पर्धा विश्वचषकाच्या श्रेणीची नव्हती. तथापि तिने एक वाट दाखविली.

हिमालयासारखा पर्वत असताना आपल्या खेळाडू इतक्या थोड्या का, याचे उत्तर वर आलेल्या वर्णनातच आहे. उंच पर्वत आणि शर्यतीचा मार्ग या भिन्न गोष्टी आहेत. मार्गासाठी सपाट दाबलेला, पाणी मुरवून कठीण केलेला उतार लागतो. वर नेणारी यंत्रणा, शेकडो खांब आणि रोज धार लावलेल्या कडा लागतात. आणि हजारो वळणे अंगवळणी पडावीत इतके बर्फाचे दिवस लागतात. गुलमर्ग, औली व सोलंग येथे सराव होतो. २०२० पासून गुलमर्ग येथे ‘खेलो इंडिया’ हिवाळी क्रीडा भरू लागल्या. परंतु २०२५ च्या फेब्रुवारीत गुलमर्ग येथे पुरेसा बर्फ नसल्याने त्या पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. युरोपातही अनेक मार्गांवर आता यंत्रांनी केलेला बर्फ पसरावा लागतो, आणि बीजिंगच्या ऑलिंपिक शर्यती तर जवळजवळ संपूर्णपणे अशाच बर्फावर झाल्या. अशी यंत्रे ज्यांच्यापाशी आहेत त्यांचा हंगाम वाचतो. ज्यांच्यापाशी नाहीत त्यांचे दिवस कमी होतात. सोलंगच्या उतारावर शिकणाऱ्या मुलीच्या दृष्टीने एक अंश उष्णता वाढणे म्हणजे सरावाची कित्येक वळणे गमावणे होय, आणि ती भरून काढण्यास तिच्याजवळ दुसरा डोंगर नसतो.