विज्ञानातील संशोधन-प्रवेश : अर्ज आणि अट

विज्ञानशाखेत पीएच.डी.साठी अर्ज करणे आणि संशोधक म्हणून मान्यता पावणे या दोन वेगळ्या पायऱ्या होत. २०१६ साली स्थापन झालेल्या भिलाईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत नेट वा गेटसारखी परीक्षा आणि मुलाखत यांतून निवड होते. पुढे नेमलेले अभ्यासक्रम व सर्वंकष परीक्षा पार पडल्यावरच उमेदवारी पक्की होते. कसोटी दुहेरी असली तरी ती सर्वांस सारखी असते.

पूर्वी तसे नव्हते. दुर्गा भागवत यांच्या धाकट्या भगिनी कमला भागवत (पुढे सोहोनी) यांनी मुंबई विद्यापीठाची बी.एस्‌सी. प्रथम क्रमांकाने मिळवून १९३३ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन यांनी, अर्जदार स्त्री आहे म्हणून, तो नाकारला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत; अखेर वर्षभराच्या परिवीक्षेवर त्यांना प्रवेश मिळाला. १९३९ साली वनस्पतींतील सायटोक्रोम-सी या द्रव्यावरील संशोधनासाठी केंब्रिजने त्यांना पीएच.डी. दिली.

परिवीक्षेचे तत्त्व आजही टिकून आहे. मात्र कमलाबाईंवरील अट त्या स्त्री असल्यामुळे घातलेली होती. आजची सर्वंकष परीक्षा प्रत्येक उमेदवारास द्यावी लागते. प्रवेशाचे नियम लेखी व समान का असावे लागतात, याचा उलगडा त्या एका अर्जावरून होतो.