लाँचीमागचे कुरव घारापुरीला अंडी घालत नाहीत

शिरढोण म्हटलं की आद्यक्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके आठवतात. 1845 साली त्यांचा जन्म इथेच झाला. पक्षी पाहणाऱ्यांना मात्र हे गाव आणखी एका कारणासाठी माहीत आहे. पनवेलहून गोवा महामार्गाने शिरढोण ओलांडलं की थोड्याच वेळात कर्नाळा अभयारण्य लागतं. डोंगर जवळ, खाडीही जवळ, त्यामुळे आपल्या भागात रानपाखरं दिसतात तसे समुद्रपक्षीही. दोघांच्याही विणीबद्दल काही चुकीच्या समजुती घट्ट बसल्या आहेत, आणि त्यांची किंमत पिल्लांना मोजावी लागते.

गैरसमज : घारापुरीच्या लाँचीभोवती घिरट्या घालणाऱ्या पांढऱ्या पक्ष्यांची घरटी त्याच बेटावर असतात.

वस्तुस्थिती : ते कुरव, हिवाळ्यापुरते पाहुणे. त्यांतला तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटमधल्या उंचावरच्या सरोवरांकाठी अंडी घालतो आणि उन्हाळा तापू लागला की तिकडेच परततो. खाडीतल्या रोहित पक्ष्यांचंही तसंच आहे. त्यांची मोठी वसाहत कच्छच्या रणात चिखलाच्या ढिगाऱ्यांवर होते. कुरवांना गाठ्या नि वेफर्स फेकणं हे पुण्य नव्हे. खारट, तळलेल्या पिठाने पोट भरतं, पण पुढच्या लांबच्या उड्डाणासाठी लागणारी ताकद मासळीतूनच मिळते.

गैरसमज : म्हणजे महाराष्ट्रात समुद्रपक्ष्यांची वीण होतच नाही.

वस्तुस्थिती : होते, आणि ती जपण्यासारखी आहे. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्यासमोर भर समुद्रात वेंगुर्ला रॉक्स ही खडकाळ बेटं आहेत. तिथे दीपगृह आहे, सुरय पक्ष्यांची वीण आहे आणि कपारींतल्या गुहांत पाकोळ्यांची वसाहत आहे. या पाकोळ्या लाळेने घरटं बांधतात. परदेशात अशा घरट्यांचं सूप करतात, म्हणून इथली घरटी चोरीला जात. ही चोरी थांबवण्यासाठी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने काम केलं.

सुरय पक्ष्याचं घरटं शोधायला गेलात तर बहुधा दिसणारच नाही, कारण काड्यांचं असं काही नसतंच. उघड्या खडकावर नाहीतर खाचेत अंडं, रंगाने दगडासारखंच ठिपकेदार. नवख्या माणसाचा पाय नेमका त्यावर पडतो. पाय पडला नाही तरी धोका टळत नाही. माणूस जवळ आला की आई-बाप उडतात. अंडं आणि पिल्लू कोकणातल्या उन्हात उघडं राहतं, आणि काही मिनिटांत घात होऊ शकतो. उन्हाने नाही झाला तर कावळा किंवा घार टपलेली असते. पक्षी वर कलकलाट करत फिरतात, खाली आपण फोटो काढतो आणि त्याला स्वागत समजतो!

गैरसमज : माणसाचा हात लागलेलं पिल्लू आई टाकून देते.

वस्तुस्थिती : वासावरून पिल्लाला नाकारण्याची ही गोष्ट बहुतेक पक्ष्यांना लागू नाही. सुरय तर पिल्लाला आवाजावरून ओळखतो. घरटं सोडलं जातं ते वारंवारच्या त्रासामुळे. तेव्हा हात लावायला हरकत नाही, असा अर्थ कृपा करून काढू नका.

गैरसमज : घरटं नुसतं हलवलं, शिकार थोडीच केली?

वस्तुस्थिती : वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 मध्ये शिकारीच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं आणि अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं येतं.

कर्नाळ्याबाबतही असाच एक गैरसमज आहे. थंडीत पक्षी भरपूर दिसतात, म्हणून तोच विणीचा हंगाम, असं अनेकांना वाटतं. इवलासा तिबोटी खंड्या मात्र पावसासोबत येतो, ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ कोरतो आणि ऐन पावसाळ्यात पिल्लं वाढवतो. सहलींची आणि कॅमेऱ्यांची गर्दी नेमकी तेव्हाच होते. खंड्या चोचीत बेडकी किंवा पाल घेऊन फांदीवर बसून राहिला आहे, बिळात शिरत नाही, असं दिसलं तर तो आपल्यामुळेच थांबला आहे असं समजा आणि मागे फिरा. बेटावर सुरय डोक्यावर येऊन ओरडू लागले, तरी तेच करा.