स्वेटर खोचला की पाय लांब का दिसतात?

नागपूर ओळखले जाते ते उन्हाळ्यासाठी; पण थंडीही येथे काही कमी नसते. २०१८ च्या डिसेंबरअखेर पारा ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. वर्गात स्वेटर दिसू लागले की एक गंमत पाहावी. मुलगा तोच, उंची तीच. पण स्वेटर पँटमध्ये खोचला, म्हणजे मुलांच्या भाषेत 'इन' केला, की पाय लांब वाटतात आणि बाहेर सोडला की आखूड. असे का व्हावे?

थोडे गणित करू. समजा, एखाद्याची उंची १७० सेंमी आहे. त्याच्या पँटचा पट्टा जमिनीपासून सुमारे १०२ सेंमीवर, म्हणजे उंचीच्या तीन-पंचमांशावर येतो. बाहेर सोडलेल्या स्वेटरचा काठ मात्र ८५ सेंमीवर, बरोबर निम्म्यावर. पाय खरोखर कोठे सुरू होतात हे कपड्यांमुळे दिसत नाही. मग जेथे रंग बदलतो तेथेच पायांची सुरुवात आहे, असे आपण धरून चालतो. सलग रंगापेक्षा उजेड आणि काळोख यांच्या सीमेची दखल डोळा अधिक घेतो. अर्न्स्ट माख यांनी डोळ्याच्या या खोडीचा अभ्यास १८६५ मध्येच केला होता. म्हणूनच स्वेटर आणि पँट एकाच गडद रंगाची असतील, तर खोचण्या-न खोचण्याने फारसे बिघडत नाही. उलट स्वेटरखालून पांढरा शर्ट दोन बोटे डोकावला, की सीमा आणखी खाली सरकते.

हे वर्गात करून पाहता येईल. पुठ्ठ्याच्या १७ सेंमी उंचीच्या दोन सारख्या मानवाकृती कापा. एकीचा खालचा १०.२ सेंमी भाग आणि दुसरीचा ८.५ सेंमी भाग काळा रंगवा. वरचा भाग पिवळा. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवू नका, नाहीतर उंची सारखी असल्याचे लगेच कळेल. फळ्याच्या दोन टोकांना लावा आणि उंच कोण, पाय कोणाचे लांब, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. उत्तरे एकच येतील असे नाही, आणि खरी मजा त्यातच आहे.

आठवी-नववीच्या मुलांना हा विषय जिव्हाळ्याचा असतो. वयात येताना आधी पाय झपाट्याने वाढतात, धड मागाहून. त्यामुळे गेल्या वर्षीच्या आखूड स्वेटरात मुलगा नुसता टांगारू दिसतो आणि मित्र चिडवतात. त्याला आरशापुढे उभे करण्याऐवजी हातात मोजपट्टी द्यावी.

आता प्रत्येक स्वेटर खोचावा काय? सुयांवरचे विणकाम फाशांचे असते; फासे ताणले जातात, म्हणून पातळ होजिअरी अंगाला बसते आणि सहज खोचली जाते. जाड लोकरीचा स्वेटर मात्र पट्ट्याखाली दुमडून कमरेला फुगवटा आणतो. पाय लांब दिसले तरी पोट सुटल्यासारखे वाटते. शिवाय लोकरीत अडकलेली हवा तेथे दाबली जाऊन ऊबही घटते. अशा स्वेटरच्या काठाला घट्ट, ताणणारी पट्टी विणलेली असते. ती कमरेवरच बसवून वरचा भाग किंचित सैल सोडला, तर न खोचताही सीमा बरीच वर येते.