काटा टायरमध्येच राहतो

मलकपेठेतील अकबरबागेतून रोज सकाळी सायकलीवर निघून चादरघाटच्या पुलावरून सुलतान बाजार गाठणाऱ्या एखाद्या दुकाननोकराचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. अंतर असे फार नाही, तीन-चार किलोमीटरचे. सायकल धड असेल तर वीस मिनिटांत माणूस दुकानाच्या पायरीशी उभा. पण सोमवारी वाटेतच मागच्या चाकातील हवा गेली. पंक्चर काढले, पैसे दिले, उशीर झाला. बुधवारी पुन्हा तेच. शनिवारी तिसऱ्यांदा. उशिराबद्दल अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला, तेही एक वेळ सोसता येईल, परंतु “रोज रोज पंक्चर कसे होते?” असे मालकाने सर्वांदेखत विचारले, तेव्हा खरे बोलणाऱ्या माणसालाही खाली पाहावे लागले. सायकलीच्या चाकातील एवढ्याशा छिद्रातून केवळ हवाच जात नाही, कधीकधी माणसाची पतही जाते.

असे लागोपाठ पंक्चर झाले की बहुतेक लोक नशिबाला बोल लावतात, काही ट्यूबला, तर काही दुरुस्ती करणाऱ्याला. वास्तविक वरील उदाहरणात दोष असतो तो एका न शोधलेल्या काट्याचा. ट्यूबचे छिद्र बुजवले गेले. पण ज्याने छिद्र पाडले तो टायरमध्ये तसाच बसून राहिला. पंक्चर काढणे म्हणजे ठिगळ लावणे नव्हे, तर कारण काढून टाकणे होय, ही या विषयातील मुख्य गोष्ट आहे. ती ध्यानात आली की उरलेले सारे सोपे आहे.

हवेच्या चाकाचा इतिहासही हेच सांगतो. बेलफास्ट शहरातील जॉन बॉयड डनलॉप या पशुवैद्याने 1888 साली आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेली रबरी धाव तयार केली. त्याआधी, 1845 साली, रॉबर्ट टॉमसन याने अशाच कल्पनेचे पेटंट घेतले होते. पण ती मागे पडली होती. डनलॉपच्या धावेने सायकलीचे हादरे गेले आणि पंक्चर आले. ही धाव लाकडी कड्याला चिकटवलेली असे, त्यामुळे एक पंक्चर काढायला तासन्‌तास लागत आणि शिवाय चिकटवलेला भाग रात्रभर वाळू द्यावा लागे. ही अडचण ओळखून फ्रान्समधील मिशेलिन बंधूंनी 1891 साली काढता-घालता येणारा टायर आणला. टायर सहज निघावा, आत काय आहे ते पाहता यावे, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप झाला. आज मात्र टायर निघतो आणि आत पाहिले जात नाही!

आता मलकपेठेच्या रस्त्याकडे वळावे. मुसी नदीच्या दक्षिणेची ही जुनी वस्ती. घोड्यांच्या शर्यतींचे मैदान, रेल्वेचे स्थानक आणि घाऊक बाजार यांमुळे ती गजबजलेली असते. विजयवाड्याकडे जाणारा हमरस्ता येथूनच जातो आणि 2018 पासून त्याच्या डोक्यावरून मेट्रो धावते. अशा रस्त्यावर सायकलीचे शत्रू तीन प्रकारचे असतात.

पहिला शत्रू काटा. बाभळीचा काटा सर्वांच्या परिचयाचा. परंतु त्याहून कपटी तो सराटा. मोकळ्या, कोरड्या जागी जमिनीसरसा पसरणारा, पिवळ्या फुलांचा हा वेल. आयुर्वेद त्याला गोक्षुर म्हणून दशमुळांत मानाचे स्थान देतो, तर तेलुगू शेजारी त्याला ‘पल्लेरू’ म्हणतात. त्याचे फळ वाळले की त्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला टणक काटे असतात. तुकडा कसाही पडो, एखादा काटा वर तोंड करूनच राहतो. मैदानातून आडवाट धरून दोन मिनिटे वाचवणारा सायकलस्वार पुढे अर्धा तास गमावतो तो याच्यामुळे.

दुसरा शत्रू काच आणि खिळा. पेट्या-खोक्यांची चढउतार होते तेथे खिळे सांडतात. मोटारींची चाके रस्त्याचा मधला भाग जणू झाडून काढतात आणि तो सारा केर कडेला जमतो. सायकलस्वार भिऊन अगदी कडेने जातो, म्हणजे नेमका त्या केरातूनच जातो. पावसाळ्यात यात भर पडते, कारण ओल्या रबरात काच अधिक सहज घुसते.

तिसरा शत्रू डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा. मालमोटारींच्या टायरमध्ये पोलादी तारांचे जाळे असते. असा टायर फुटला की त्या तारांचे केसाएवढे बारीक तुकडे रस्त्यावर विखुरतात. असा तुकडा सायकलीच्या टायरात शिरला की बाहेरून काहीच दिसत नाही. चाक फिरताना टायर दबतो, तार थोडी आत सरकते आणि ट्यूबला टोचते. वर सांगितलेल्या दुकाननोकराचा वैरी अशीच एखादी तार असू शकते. ठिगळ लावले तरी ती दोन दिवसांत त्या ठिगळालाही भोक पाडते.

हवा गेली आहे असे कळताच प्रथम खाली उतरावे. “कोपऱ्यापर्यंत तर जायचे आहे,” म्हणून तसेच दामटू नये. रिकाम्या टायरवर माणसाचे वजन पडले की लोखंडी कडा ट्यूबला चिरडते आणि एका छिद्राच्या जागी ट्यूबच बदलण्याची पाळी येते. मग व्हॉल्व तपासावा. साध्या सायकलीच्या व्हॉल्ववर बारीक रबरी नळी असते. ती कुजली की हवा हळूहळू निघून जाते आणि लोक विनाकारण टायर खोलत बसतात. व्हॉल्वच्या तोंडावर ओले बोट टेकवावे. बुडबुडा आला तर दोष तेथेच आहे आणि नवी व्हॉल्व ट्यूब घातली की काम झाले.

व्हॉल्व ठीक असेल तर चाक सावकाश फिरवून टायर निरखावा. काटा दिसला तर उपटण्याआधी त्या जागी खडूची खूण करावी. टायर उतरवण्यासाठी बोथट टोकाच्या पट्ट्या वापराव्यात. स्क्रू-ड्रायव्हरने एक पंक्चर काढताना दुसरे करून ठेवल्याची उदाहरणे थोडी नाहीत. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती पाण्यात बुडवावी. एक छिद्र सापडले म्हणून थांबू नये, पूर्ण ट्यूब पाण्यातून फिरवावी.

सापडलेले छिद्र हे साक्षीदारासारखे असते. त्याला नीट प्रश्न विचारले तर ते कारण सांगून टाकते. छिद्र ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला असेल तर ते रस्त्यावरच्या वस्तूचे काम. आतल्या अंगाला, म्हणजे चाकाच्या मध्याकडे असेल, तर एखाद्या आऱ्याचे टोक वर आले आहे किंवा त्यावरची रिमपट्टी सरकली आहे. जवळजवळ दोन लहान चिरा सापडल्या तर काटा शोधत बसू नये. हवा कमी असताना चाक खड्ड्यात आदळले आणि ट्यूब कड्यात चिमटली, एवढाच त्याचा अर्थ. व्हॉल्वच्या मुळाशी फाटले असेल तर कमी हवेमुळे ट्यूब आतल्या आत सरकली, असे बहुधा समजावे.

छिद्र बाहेरच्या अंगाला असेल तर ट्यूब टायरवर पूर्वीसारखी, व्हॉल्वशी जुळवून ठेवावी. म्हणजे टायरच्या कोणत्या भागात शोधायचे ते कळते. त्या भागात आतून कापसाचा बोळा फिरवावा. काचेचा कण असो वा तारेचे टोक, कापसाचा तंतू त्याला अडकतो आणि बोटही कापत नाही. सापडलेली वस्तू बारीक चिमट्याने उपटून काढावी. हे काम दोन मिनिटांचे आहे. पण ते टाळल्यामुळेच तीन-तीन पंक्चरे होतात. दुकानात पंक्चर काढून घेतानाही गिऱ्हाईकाने “काय सापडले?” एवढे अवश्य विचारावे. कुशल कारागिराला या प्रश्नाचा राग येत नाही. तो उलट सापडलेला काटा हातावर ठेवून दाखवतो.

ठिगळ लावताना घाई हाच मोठा दोष. छिद्राभोवतीची जागा कोरडी करून काचकागदाने घासावी, सोल्यूशनचा पातळ थर द्यावा आणि त्याची ओलसर चकाकी जाईपर्यंत, सुमारे पाच मिनिटे, थांबावे. ओल्या सोल्यूशनवर लावलेले ठिगळ सुटते. त्यानंतर ठिगळ जोराने दाबावे, ट्यूब टायरात बसवावी आणि आधी थोडीच हवा भरून ती कोठे चिमटली नाही ना हे चाकाच्या दोन्ही अंगांनी पाहावे. मगच पुरी हवा भरावी.

आता प्रतिबंध. यात पहिला मान हवेचा. हवा रबरातूनही हळूहळू झिरपते, म्हणून सायकल उभी असली तरी आठवड्यातून एकदा हवा पाहावी. किती भरावी हे टायरच्या अंगावर छापलेले असते. मागचे चाक अधिक वजन वाहते, तेव्हा त्याकडे अधिक लक्ष द्यावे. मलकपेठेच्या रेल्वेपुलाखाली जोराच्या पावसात पाणी साचते आणि त्याखाली खड्डा असला तर दिसत नाही. अशा जागी पुरेशी हवा हेच ट्यूबचे संरक्षण असते. उन्हाळ्यात हवा कमी भरावी असा समज आहे, तो मात्र तपासून घ्यावा. 25 अंश उष्णतेला 50 पौंड दाबाने भरलेला टायर उन्हात 60 अंशांपर्यंत तापला तर दाब सुमारे 57 पौंड होतो. चांगला टायर हे सहज सोसतो, फुटतो तो झिजलेला. म्हणून हवा कमी करण्याऐवजी सायकल सावलीत लावावी आणि टायरच्या आतील धागे दिसू लागताच तो बदलावा.

दुसरे असे की, रस्त्याच्या अगदी कडेला न चिकटता हातभर अंतर ठेवून सरळ रेषेत चालवावे. घरी पोहोचल्यावर आठवड्यातून एक-दोनदा टायरवर नजर टाकून रुतलेले खडे व काचा उकरून काढाव्यात; आज वर दिसणारा कण उद्या आत जातो. ट्यूबमध्ये भरण्याची द्रव औषधे लहान छिद्रे बुजवतात, पण मोठी चीर बुजवत नाहीत. भरीव रबराच्या टायरला पंक्चर नसते, तथापि डनलॉपने घालवलेले हादरे ते परत आणते. गरजेप्रमाणे ज्याने त्याने निवड करावी.

पहाटे वृत्तपत्रे टाकणारी मुले, दूध पोहोचवणारे, रात्रपाळी संपवून परतणारे पहारेकरी यांची वाट पंक्चरच्या दुकानांची दारे उघडण्यापूर्वीची असते. त्यांनी तरी ठिगळे, सोल्यूशन, काचकागद, दोन पट्ट्या, व्हॉल्व ट्यूबचा तुकडा आणि लहान पंप एवढे साहित्य बसण्याच्या जागेखाली पिशवीत बांधून ठेवावे.

आणि त्या दुकाननोकराचे काय? त्याने चौथ्यांदा ठिगळ लावण्याआधी टायरच्या आतून कापसाचा एक बोळा फिरवला असता तर एका जागी तो अडकला असता. तेथून निघालेली तार नखाएवढीही नसती. पण ती निघाल्यावर सोमवारी सकाळी तो चादरघाटचा पूल ओलांडून वेळेवर दुकानाच्या पायरीशी उभा राहिला असता आणि मालकाला काहीही विचारावे लागले नसते.