दप्तरांच्या प्रतिमा आणि एसएसडीवरील मोकळी जागा

जुन्या कागदांच्या प्रतिमा घेऊन त्या एसएसडीवर सांठविण्याची चाल आतां संग्राहकांत रूढ झाली आहे. तींतील मोकळी जागा म्हणजे फडताळांतील रिकामा कप्पा, अशी बहुतेकांची समजूत असते. आमचीहि तशीच होती. माण तालुक्यांतील एका घराण्याचें दप्तर म्हसवडास बसून उतरवितांना तिचें मोल द्यावें लागलें.

आमच्या एसएसडीचीं दोन पार्टिशनें केलेलीं होतीं. एकांत संगणकाची कार्यप्रणाली, दुसऱ्यांत प्रतिमा. ए-४ मापाचें पृष्ठ ४०० डीपीआयनें रंगीत घेतल्यास मूळ प्रतिमा सुमारें ४६ मेगाबाइट भरते. हजार पृष्ठांस ४६ गिगाबाइट. प्रतिमांचें पार्टिशन तुडुंब भरलें, शेजारच्यांत जागा तशीच पडून. घाईनें जागा करतांना एका रुमालाच्या मूळ प्रतिमा आमच्या हातून पुसल्या गेल्या. चुंबकी हार्डडिस्कवर पुसलेली फाइल पुष्कळदां परत मिळते; येथें एकहि मिळाली नाहीं. कागद वाळवीनें खाल्लेले; पहिल्यांदा उलगडतांनाच त्यांचे तुकडे पडले होते.

याचें कारण फ्लॅश स्मृतीच्या रचनेंत आहे. तींत लिहिणें पानापानानें होतें, पुसणें मात्र शेंकडों पानांच्या ब्लॉकनेंच. आणि लिहिलेल्या पानावर पुन्हां लिहितां येत नाहीं. पोथींतील एक ओळ बदलण्यासाठीं सबंध पान नव्यानें लिहावें, जुनें रद्द ठरवावें, आणि रद्द पानें फार झालीं कीं उरलेलीं दुसरीकडे उतरवून पहिली पोथी धुवून काढावी, तसा हा प्रकार. हें काम एसएसडीचा नियंत्रक आपणहून करतो, व त्यास कोरे ब्लॉक हाताशीं लागतात. ते कमी पडले कीं लेखन मंदावतें आणि झीज वाढते. कोणतीं पानें रद्द झालीं हें कार्यप्रणाली ‘ट्रिम’ या आज्ञेनें कळविते. ती पोंचली म्हणजे पुसलेल्या फाइलीची आशा जवळजवळ सोडावी.

पार्टिशनांच्या भिंती संगणकापुरत्या. नियंत्रक त्या जाणत नाहीं. एका पार्टिशनांतील ट्रिम झालेली जागा सबंध एसएसडीच्या झीज-निवारणास उपयोगी पडते, पण शेजारच्या पार्टिशनांतील फाइलींस ती मिळत नाहीं. या दोन टंचाया निराळ्या आहेत, हें आम्हीं ध्यानांत घेतलें नव्हतें.

आतां आम्ही नव्या एसएसडीचा सुमारें दहावा हिस्सा कोणत्याच पार्टिशनास न देतां प्रतिमांच्या पार्टिशनालगत, त्याच्या पुढें, कोरा ठेवतों. विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्यें पार्टिशन वाढवितां येतें तें अशा लगतच्या जागेंतच. वापरलेल्या एसएसडीवर हें करावयाचें, तर ती जागा आधीं ट्रिम झालेली असावी. यूएसबीच्या कांहीं डब्यांतून ही आज्ञा पुढें जातच नाहीं. विकत घेण्यापूर्वी चौकशी करावी. पार्टिशन सरकवावें लागल्यास आधीं दुसरी प्रत काढावी.

एसएसडी पेटींत घालून वर्षानुवर्षें ठेवण्याची वस्तु नव्हे. जेडेकच्या मानकाप्रमाणें, लेखनाची नेमलेली मर्यादा गांठलेल्या घरगुती एसएसडीनें विजेवांचून ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष मजकूर राखावा, एवढीच अपेक्षा असते. उष्णता वाढली कीं ही मुदत घटते. आणि माणदेशांतील वैशाखाचें ऊन तर वाचकांस ठाऊकच आहे. म्हणून मूळ प्रतिमांची एक प्रत आम्ही हार्डडिस्कवर, दुसऱ्या गांवीं ठेवतों.