तापमानातील चढउतार आणि कीटकांची शीतसहनशीलता

शरीरातील पाणी गोठण्यापूर्वीच थंडी कीटकांना मारक ठरू शकते. पेशीपटलांवरील आयनांचे वहन मंदावते, रक्तद्रवातील पोटॅशियम वाढते आणि चेता व स्नायूंचे कार्य बिघडते. थंडी लांबली की ही इजा साचत जाते.

मात्र थंडीत रोज थोडा वेळ ऊब मिळाल्यास अनेक संधिपाद प्राणी अधिक काळ तग धरतात. कोश्टाल व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दोन कीटकजातींत दाखविले की, वाढलेले पोटॅशियम उबेच्या काळात पूर्वपातळीकडे परतते. बिघडलेल्या प्रथिनांच्या दुरुस्तीलाही याच काळात वाव मिळतो.

याचे व्यावहारिक मूल्य मोठे आहे. उत्तर अमेरिकेत लसूणघासाच्या परागीभवनासाठी पानकापी मधमाशी पाळली जाते. तिच्या कोषांच्या शीतसाठवणीत ६ अंश सेल्सिअस तापमान सतत ठेवण्याऐवजी रोज एक तास २० अंशांची ऊब दिल्यास जगण्याचे प्रमाण वाढते.

सारांश, कीटकांचे हिवाळ्यातील जगणे-मरणे केवळ सरासरी तापमानावर ठरत नाही. म्हणूनच स्थिर तापमानातील प्रयोगांचे निष्कर्ष शेतातील किडींना अथवा मित्रकीटकांना लावताना दैनंदिन चढउतारही विचारात घेणे अगत्याचे आहे.