लिटरला वीस मिली

भाद्रपदात पावसाने उघडीप दिली की नवी मुंबईतल्या बोनकोड्यात आणि भोवतालच्या कोपरखैरण्याच्या सेक्टरांत दिवसभर घरघर ऐकू येते. सोसायट्यांची आवारं, नाल्यांचे काठ, मोकळे भूखंड, सगळीकडे गुडघाभर गवत माजलेलं असतं आणि खांद्याला पट्टा अडकवलेली माणसं ग्रास कटर फिरवत असतात. नवं शहर वसवण्यासाठी सिडकोने 1970 नंतर इथल्या जमिनी घेतल्या. त्याआधी ही भातशेती होती आणि बांधावरचं गवत विळ्याने निघायचं. विळ्याला धार पुरते. या मशीनला मात्र पेट्रोलमध्ये मोजून तेल लागतं, आणि ते मोजण्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही.

साध्या मोटारसायकलच्या इंजिनात तेल खाली वेगळं साठलेलं असतं. ग्रास कटरच्या टू-स्ट्रोक इंजिनात तशी जागाच नाही. पेट्रोल आणि हवा आधी क्रँक फिरतो त्या पोकळीत शिरतात, तिथून सिलिंडरमध्ये चढतात. म्हणून क्रँकची बेअरिंगं, पिस्टनची पिन, सिलिंडरची भिंत या सगळ्यांना वंगण मिळतं ते पेट्रोलबरोबर वाहत आलेल्या तेलाचं. याचा फायदा असा की मशीन आडवं करा, उतारावर तिरकं धरा, इंजिनाचं काही बिघडत नाही. पण पेट्रोलमध्ये तेल नसेल, तर मिनिटाला सात-आठ हजार फेरे घेणारं इंजिन कोरडं चालतं आणि बघता बघता पिस्टन पकडतो. सायलेन्सर काढून धुराच्या भोकातून आत पाहिलं की चकचकीत पिस्टनवर उभे ओरखडे दिसतात. ते दिसले की दुरुस्ती मोठी, हे मेकॅनिकला वेगळं सांगावं लागत नाही.

चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना हे नवं नाही. 1972 साली आलेली लुना किंवा आकुर्डीच्या कारखान्यातली जुनी बजाज चेतक पंपावर नेली की आधी मापातून टूटी, म्हणजे टू-स्ट्रोकचं तेल पडायचं, मग पेट्रोल. ते माप पंपावरच्या माणसाच्या हातात तयार असायचं. ती वाहनं गेली, मापही गेलं. आता सुरक्षारक्षक किंवा माळीकाम करणारा मुलगा अंदाजाने धार सोडतो, नाहीतर बाटलीच्या झाकणाने मोजतो. झाकण प्रत्येक बाटलीचं वेगळं!

प्रमाण मशीनच्या पुस्तिकेत असतं, बहुतेक वेळा टाकीच्या झाकणावरही छापलेलं असतं. नावाजलेल्या कंपन्यांच्या बऱ्याच मशीनना पन्नासास एक, म्हणजे लिटरला 20 मिली. स्वस्तातल्या अनेक मशीनना पंचवीसास एक, म्हणजे लिटरला 40. औषधाच्या दुकानात मिळणारी 10 मिलीची सिरिंज दोनदा भरली की 20 मिली झाले, इतकं ते सोपं आहे. ‘जरा जास्तच टाक, मशीनला बरं’ हा सल्ला मात्र ऐकू नये. जादा तेल नीट जळत नाही, प्लग काळा पडतो, सायलेन्सरच्या तोंडाशी कार्बन धरतो, आणि धूर निघतो तो मशीन धरणाऱ्याच्या नाकाजवळच. या इंजिनात ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच बाहेर पडतो. दिवसाचे सहा-सात तास तो हुंगणाऱ्या माणसाला तेल निवडायचा अधिकार नसतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, मशीन ज्याचं त्यानेच तेल आणून द्यावं, माप द्यावं आणि कॅनवर ठळक अक्षरांत प्रमाण लिहून ठेवावं.

आता तेल कुठलं? दुकानदार विचारतो, “दादा, टूटी कुठलं देऊ?” तेव्हा बाटलीच्या रंगाकडे न पाहता मागची बारीक अक्षरं वाचावीत. निळा, हिरवा, लाल हा रंग मिश्रण केलंय हे ओळखण्यापुरता असतो, त्यावरून दर्जा कळत नाही. जपानी जासो मानकात एफबी ही खालची पायरी, एफसीला धूर कमी, एफडीने इंजिन त्याहून स्वच्छ राहतं. एफडी मिळत असेल तर तेच घ्यावं. गाडीचं ट्वेंटी-फॉर्टी अजिबात नको. ते साठून राहण्यासाठी बनलेलं असतं, जळण्यासाठी नाही. खाडीतल्या होड्यांच्या आउटबोर्ड इंजिनांसाठीचं टीसी-डब्ल्यू-थ्रीही नको. ती इंजिनं पाण्याने गार होतात, ग्रास कटर वाऱ्यावर गार होतो आणि बराच जास्त तापतो. आणि होंडाचे काही ग्रास कटर फोर-स्ट्रोक आहेत. त्यांच्यात तेल वेगळं घालतात, पेट्रोलमध्ये थेंबही मिसळायचा नाही. चेन सॉला दोन झाकणं असतात, एक मिश्रणाचं आणि एक साखळीच्या तेलाचं. उघडण्याआधी खूण बघावी.

आपल्या दमट हवेत सगळ्यात जपायचं आहे ते इथेनॉलला. 2025 साली देशातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचं सरासरी प्रमाण 20 टक्क्यांपर्यंत पोचलं, तर अनेक छोट्या मशीनच्या पुस्तिका 10 टक्क्यांचीच मुभा देतात. इथेनॉल पाणी ओढतं. ओलं फनेल, पावसात उघडं राहिलेलं झाकण, एवढ्यानेही पाणी शिरतं. ते पुरेसं साचलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळा थर धरतात, आणि टूटी वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. टाकीतल्या नळीचा फिल्टर लोंबत असतो तळाशी! म्हणजे इंजिन ओढतं ते बिनतेलाचं. मोजून मिसळूनही पिस्टन पकडण्याचं हे एक कारण.

म्हणून थोडं थोडं मिसळावं. स्वच्छ, कोरड्या, पेट्रोलसाठीच्या कॅनमध्ये आधी निम्मं पेट्रोल, मग सगळं तेल, हलवून उरलेलं पेट्रोल, पुन्हा हलवणं. मशीनच्या टाकीत मिसळू नये, आणि तापलेल्या इंजिनावर टाकी भरू नये. एरवी महिनाभरात संपेल एवढंच करतात. पावसाळ्यात मी आठवड्यापुरतंच करायला सांगेन. दिवाळीनंतर मशीन ठेवून देताना टाकी रिकामी करावी आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावं, नाहीतर कार्ब्युरेटरमधला पातळ पडदा कडक होतो. उरलेलं मिश्रण गटारात ओतू नये. नवी मुंबईतल्या पावसाळी गटारांचं पाणी ठाणे खाडीत जातं, आणि ती खाडी 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा आहे. उरलेलं मिश्रण कॅनचं झाकण घट्ट लावून गॅरेजवाल्याकडे द्यावं.